पूर्वजांचा पत्ता

पन्नाशी उलटली म्हणजे मनुष्याची दृष्टी मागे वळू लागते, असे म्हणतात. ज्या पणजोबांचे नाव तरुणपणी ठाऊक करून घ्यावेसे वाटले नाही, त्यांचे हस्ताक्षर कसे होते, या विचाराने मग झोप येईनाशी होते. आपल्याकडील कुलवृत्तान्त याच वृत्तीतून जन्मास आले. त्यांच्या संपादकांनी जे कष्ट उपसले त्याबद्दल आम्हांस आदरच आहे. तथापि जुने कुलवृत्तान्त चाळताना एक गोष्ट मनाला खटकते. मूळपुरुष बहुधा पराक्रमी किंवा विद्वान निघतो, आणि घरात जन्मलेल्या मुली मात्र पुष्कळदा 'कन्या दोन' एवढ्यावरच आटोपलेल्या असतात. पूर्वजांचा शोध म्हणजे मोठेपणाचा शोध काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाले. ज्यांचे पूर्वज गरीब शेतकरी आणि गिरणीकामगार होते, अशा लोकांनी ते दिले.

आमची कन्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ओहायोमधील क्लीव्हलंड या शहरी असते. तिच्याकडे मुक्काम असताना तेथील स्लोव्हेनियन लोकांशी आमचा परिचय झाला. आल्प्स पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी वसलेला स्लोव्हेनिया हा देश फार लहान. वस्ती सुमारे वीस लाख. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 1914 च्या महायुद्धापर्यंत तेथील हजारो माणसे अमेरिकेस गेली. कोणी मिशिगनमधील तांब्याच्या खाणीत उतरली, कोणी मिनेसोटातील लोखंडाच्या खाणीत, तर कोणी क्लीव्हलंडच्या पोलादाच्या कारखान्यांत शिरली. क्लीव्हलंडमधील सेंट क्लेअर रस्त्याच्या आसपास त्यांची एवढी दाट वस्ती झाली की, तेथे 1893 मध्ये त्यांचे स्वतःचे पॅरिश स्थापन झाले आणि 1924 मध्ये 'स्लोव्हेनियन राष्ट्रीय गृह' बांधले गेले. पुरुष भट्टीपुढे राबत, आणि बायका घरात आठ-दहा एकटे कामगार खाणावळीस ठेवून त्यांचे जेवण रांधीत व कपडे धुवीत. ल्युई अॅडॅमिक हा इंग्रजीत लिहिणारा नामांकित लेखक याच लोकांतला. तो 1913 मध्ये पोरवयात अमेरिकेस आला आणि एकोणीस वर्षांनी आपले गाव पाहण्यास परत गेला. त्या भेटीवरील त्याचे पुस्तक 1934 साली निघाले.

कन्येच्या शेजारी या वंशातील एक वृद्ध बाई राहत असत. वय ऐंशीच्या घरात. नाताळात अक्रोडाचे सारण भरलेली 'पोतित्सा' नावाची गुंडाळलेली पोळी त्या स्वहस्ते करीत. परंतु आजीची भाषा त्यांना चार-दोन शब्दांपलीकडे येत नव्हती. आजोबा-आजींचे मूळ गाव शोधण्यात त्यांची बारा वर्षे गेली होती. आम्ही भाषेचे अध्यापक आहोत असे कळताच त्यांनी आपले दप्तर आमच्यापुढे मांडले.

हा शोध किती बिकट असतो, ते तेव्हा कळले. आजोबांनी सरकारी कागदांवर आपला देश 'ऑस्ट्रिया' असा सांगितलेला. ते खरेच होते, कारण 1918 पर्यंत तो मुलूख हाप्सबुर्ग साम्राज्यात होता. पुढे तेथे युगोस्लाव्हिया झाला, आणि 1991 मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला. गाव जागच्या जागी राहिले आणि देश तेवढे बदलत गेले! नावांची कथाही अशीच. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील अधिकाऱ्यांनी आमचे आडनाव बदलले, असे अमेरिकेतील घरोघरी सांगतात. परंतु ते अधिकारी जहाजावरून आलेल्या याद्या पुढे ठेवून तपासणी करीत. याद्या युरोपातच तयार होत. आडनावे बदलली ती बहुधा पुढे, कारखान्याच्या हजेरीपटावर, शाळेत, किंवा लोकांच्या सोयीसाठी स्वखुशीने. अक्षरावरचे एक चिन्ह गळाले की 'कोव्हाचिच'चा 'कोव्हासिक' होतो. बाईंना गावाचे नाव अखेर सापडले ते आजोबांच्या विम्याच्या कागदावर. या कामगारांनी परस्परसाहाय्यासाठी आपल्या विमामंडळ्या काढल्या होत्या. त्यांपैकी एक 1894 मध्ये, तर दुसरी 1904 मध्ये निघाली.

गाव सापडले, आप्त सापडले, आणि त्यांनी 1909 साली क्लीव्हलंडहून आजोबांनी लिहिलेल्या पत्राची प्रत पाठविली. तरी बाईंचे एक कोडे सुटेना. वडिलांच्या आधी आजीला एक मुलगी झाली होती. "आम्ही अमेरिकेला आलो, आणि मग मुलगी गेली," एवढे एकच वाक्य आजी बोलत असे; पुढे कोणी विचारीत नसे. या आत्याचे थडगे बाईंनी क्लीव्हलंडमधील साऱ्या दफनभूमींत शोधले. ते कोठेच नव्हते.

पत्राच्या पहिल्या ओळीतील दोन शब्दांवर आमची नजर खिळली: 'प्रिश्ला स्वा'. यंत्राने केलेल्या भाषांतरात त्याचा अर्थ 'आम्ही पोहोचलो' असा होता. परंतु ज्याने लहानपणी 'अस्मि, स्वः, स्मः' घोकले आहे, त्याला 'स्वा' हे रूप परके कसे वाटावे? व्याकरण काढून पाहिले, तो शंका फिटली. स्लोव्हेनियन भाषेत द्विवचन आजही जिवंत आहे. एकाला 'सेम', दोघांना 'स्वा', अनेकांना 'स्मो'! मराठीने द्विवचन केव्हाच टाकून दिले. इंग्रजीलाही आता त्याची ओळख नाही. एकटे असून स्वतःस 'आम्ही' म्हणविणाऱ्या आमच्यासारख्या लेखकाला या काटेकोरपणापुढे मान लववावीच लागली. पत्र स्पष्ट सांगत होते की, आलो ते दोघे. तिसरे कोणी बरोबर नव्हते.

मग बाईंनी गावच्या चर्चच्या वह्या पाहिल्या. हाप्सबुर्ग राज्यात 1770 पासून सैन्यभरतीच्या गणतीसाठी घरांना क्रमांक देण्यास आरंभ झाला, आणि 1784 मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने जन्म, विवाह व मृत्यू यांच्या स्वतंत्र नोंदी घराच्या क्रमांकासह ठेवण्याचा नियम केला. याखेरीज धर्मोपदेशक आणखी एक वही ठेवीत. तिचे लॅटिन नाव 'स्तातुस आनिमारुम', म्हणजे 'जीवांची स्थिती'. तीत पृष्ठे घरवार असतात. आडनाव काहीही असो, प्रत्येक घराला स्वतःचे एक नाव असते. घरात दुसरे कुटुंब आले तरी पुष्कळदा ते टिकते, आणि नव्या माणसांनाही गाव त्याच नावाने ओळखते. शोध करणारास म्हणून आधी घर शोधावे लागते. मालक, मालकीण, मुले, आश्रित म्हातारी, गडी, मोलकरीण, ही सारी त्या एका पानावर नांदत असतात. यांपैकी कित्येक वह्या आता घरबसल्या संगणकावर वाचता येतात.

बाईंच्या पानावर आजोबा-आजींच्या नावांपुढे 'अमेरिका' असे लिहिलेले होते. खाली मुलीचे नाव, जन्म 1907. आणि नावापुढे एक क्रूस व 1911 हे वर्ष. प्रवासखर्च जमेपर्यंत मूल आजीजवळ ठेवून जाण्याचा तेथे परिपाठच होता. पैसे जमले तेव्हा कदाचित मूल उरले नसेल. आजीचे वाक्य अक्षरशः खरे होते. ऐकणाऱ्यांनी त्याच्या पोटी विचारले नव्हते, इतकेच.

बाई पुष्कळ वेळ स्तब्ध बसल्या. नंतर त्यांनी कुटुंबाच्या वहीत वडिलांच्या नावाच्या वरती, पहिल्या जागी, आत्याचे नाव लिहिले. शेजारी घराचा क्रमांक आणि घराचे नाव लिहिले. मुलगी सोडून आल्याचा हा उल्लेख गाळावा, असे त्यांच्या एका भावाचे मत पडले. बाईंनी ते मानले नाही. "आजीने हे एकटीने पन्नास वर्षे सोसले," त्या म्हणाल्या, "आता ते आम्ही सर्वांनी थोडे थोडे सोसावे." आम्हांस वाटते, वारसा जतन करणे याहून वेगळे नाही. पोतित्सा करणे सोपे आहे. ती लाटताना आजी गप्प का होत असे, हे जाणून घेणे कठीण.

आता आपली मुलेही समुद्रापलीकडे स्थायिक होत आहेत, आणि त्यांची नातवंडे एके दिवशी हाच शोध आरंभतील. स्लोव्हेनियातील वहीत बाप्तिस्म्याच्या वेळी आईचे माहेरचे आडनाव सापडते. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनावच काय, पाळण्यातले नावही बदलण्याची चाल. तिचा माग त्या नातवंडांनी कसा काढावा? तेव्हा वाचकहो, पराक्रमी मूळपुरुष सापडेपर्यंत खोळंबू नका. गाव, तालुका, घर, आज्यांची माहेरची नावे, आणि लहानपणी गेलेली मुले यांची नोंद आजच करून ठेवा. दप्तरखान्यातील वह्या शंभर वर्षे वाट पाहतील. माजघरात बसलेली वृद्ध माणसे तेवढी थांबणार नाहीत. त्यांच्या एखाद्या वाक्यानंतर 'मग काय झाले?' एवढे विचारण्यास आजची संध्याकाळ पुरेशी आहे.