पहारा

दहावीतल्या लेकीने गेल्या पावसाळ्यात ‘मला जगायचंच नाही’ म्हटले, तेव्हापासून आम्ही दोघे आळीपाळीने जागत होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, आत्महत्येविषयी तिला थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. चार दिवस शब्द ओठांवर येईनात. अखेर विचारले, तेव्हा ती रडली आणि प्रथमच मोकळेपणाने बोलली.

तिची चौकशी करणारे पुष्कळ होते. आमची कोणी केली नाही. (आमच्या संस्कारांची मात्र झाली.) एका रात्री, २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर आम्ही स्वतःसाठीच फोन केला. पलीकडून मराठीत विचारणा झाली, “तुम्ही जेवलात का?”

अडीच वाजले होते. ताटे ओट्यावर झाकलेलीच होती.