सांतो दोमिंगोची जुनी पेठ

कॅरिबियन समुद्रातील हिस्पानियोला बेटाच्या पूर्व भागात डोमिनिकन प्रजासत्ताक हा देश वसला आहे. त्याची राजधानी सांतो दोमिंगो. ओझामा नदी समुद्रास मिळते तेथे, तिच्या पश्चिम तीरावर, या नगराची जुनी पेठ आहे. कोलंबसाच्या भावाने पूर्व तीरावर वसविलेले पहिले गाव वादळात उद्ध्वस्त झाले, तेव्हा १५०२ साली गव्हर्नर ओव्हांदो याने अलीकडे नवे नगर आखिले. अमेरिकेतील युरोपियनांच्या नगरांत हे सर्वांत जुने.

नदीकाठचा किल्ला मागे टाकून आम्ही फरसबंद रस्त्याने कोलंबसपुत्र दिएगो याच्या वाड्यापर्यंत गेलो. तेथून परतून कथीड्रलच्या चौकात आलो. प्रवाळयुक्त चुनखडीच्या त्या भिंतींवर उन्हाची पिवळसर झाक येते. आत मात्र उंच कमानींखाली गारवा असतो. १५४१ साली या मंदिराचा अभिषेक झाला. १५८६ साली इंग्रज दर्यावर्दी ड्रेक याने हे नगर लुटले. मंदिर मात्र टिकले. जुने गोवे पाहिलेल्या वाचकांस असे वैभव नवे नाही.

परंतु आमचे पाय अधिक वेळ रेंगाळले ते जवळच्या डोमिनिकन मठापाशी. आजचे कथीड्रल उभे राहण्यापूर्वी, १५११ सालच्या आगमनकाळातील चौथ्या रविवारी, या संघाचे फादर अंतोनियो दे मोंतेसिनोस प्रवचनास उभे राहिले. समोर दिएगो व इतर बडे अधिकारी बसले होते. बेटावरील ताईनो लोकांस सोन्याच्या खाणींत राबवून मारण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला, ती माणसे नव्हेत काय, असे त्यांनी रोखठोक विचारिले. संतापलेली मंडळी मठावर चालून गेली. मठाधिपती फादर पेद्रो दे कोर्दोबा म्हणाले की, हे प्रवचन आम्हां सर्वांचे आहे. पुढील रविवारी माघार घेण्याऐवजी मोंतेसिनोस अधिकच कठोर बोलले. अशांचे पापनिवेदन आम्ही ऐकणार नाही, असेही त्यांनी बजाविले.

याचे फळ काय? १५१२ साली स्पेनच्या राजाने बुर्गोसचे कायदे केले. पण ते तोकडे पडले. रोगराईने व कष्टांनी ताईनो जवळजवळ नामशेष झाले आणि त्यांच्या जागी आफ्रिकेतून गुलाम आणिले गेले. स्वतः ताईनो मजूर बाळगणारे बार्तोलोमे दे लास कासास यांनी मात्र पुढे ते सोडून दिले, याच संघात प्रवेश केला व जन्मभर त्या लोकांची बाजू मांडिली.

समुद्राकाठी मोंतेसिनोस यांचा प्रचंड पुतळा आहे. मेक्सिकोने तो १९८२ साली भेट दिला. तोंडाशी हात नेऊन ते हाक मारीत आहेत. त्याखाली उभे असता आम्हांस आमचेच व्यासपीठ आठवले. सणाची वर्गणी सढळ हाताने देणारा एखादा घरधनी आपल्या गड्याची मजुरी अडवून ठेवितो, हे ठाऊक असूनही आम्ही किती रविवार गप्प राहिलो आहोत! वाचकहो, त्या हाकेपुढे आमची मान खाली गेली.