कोरझोकचं देणं

सह्याद्रीत तयार झालेल्या पायांना एक भरवसा असतो. वर कुणाला काही झालं तर खाली उतरायचं. हरिश्चंद्रगडावर कुणाला ताप भरला तर फार तर अर्ध्या दिवसात पाचनई किंवा खिरेश्वर गाठता येतं, पुढे गाडी आहे, डॉक्टर आहेत. हिमालयातही बहुतेक ठिकाणी हाच हिशोब चालतो, कारण नदी असते, आणि नदीच्या काठाकाठाने गेलं की माणूस आपोआप कमी उंचीवर येतो.

लडाखच्या पूर्वेला, चांगथांगच्या पठारावरच्या रुपशू भागात हा भरवसा उपयोगाचा नाही. तिथलं त्सो मोरिरी हे तळं समुद्रसपाटीपासून 4,522 मीटरवर आहे. चहूबाजूंनी ओढे त्यात येतात, पण त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. येईल ते पाणी तिथेच राहतं आणि उन्हावाऱ्याने उडून जातं, म्हणून ते मचूळ आहे. याचा दुसरा अर्थ नकाशावर बोट ठेवून मला फार उशिरा उमगला. ज्या खोऱ्यातून पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, तिथून माणसालाही उतरून बाहेर पडता येत नाही. लेहकडे यायचं तर आधी तळ्याहून उंच असलेली नामशांग ला ही खिंड चढायची, मग सुमदो, मग माहेचा पूल, आणि तिथे सिंधू भेटली की खरा उतार सुरू होतो. पठारावर आजारी पडलेल्या माणसाला खाली न्यायचं म्हणजे प्रथम लांब न्यायचं.

माझ्या धाकट्या भावाला एका रात्री असं लांब नेलं गेलं, म्हणून तो आज आहे. नेणारे कोरझोकचे एक घोडेवाले होते. वयाने आजोबांसारखे, म्हणून सगळे त्यांना मेमे-ले म्हणत, तसंच आम्हीही म्हणायला लागलो. ते भावाला नोनो म्हणत आणि मला नोमो-ले. त्यांचं देणं माझ्याकडे आहे. त्याच्याबद्दल लिहायचं किती वर्षं मनात होतं.

आम्ही पुण्याहून लुंगसेर कांगरीसाठी गेलो होतो. 6,666 मीटर उंचीचं हे रुपशूतलं सर्वांत उंच शिखर. 1995 मध्ये हरीश कपाडियांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा चमू त्यावर पहिल्यांदा पोचला, त्यामुळे आपल्याकडच्या गिर्यारोहकांना ते जरा आपलंसं वाटतं. शेजारीच चामसेर कांगरी आहे, 6,622 मीटर. दोन्ही त्सो मोरिरीच्या पूर्वेला. कोरझोक पश्चिम काठावर, म्हणून तळ्याच्या उत्तर टोकाला वळसा घालून जावं लागतं. या शिखरांवर कडे नाहीत, दोरावर लटकायचे प्रसंग फारसे नाहीत. आधी मुरमाड घसारा आणि मग बर्फाची लांबच लांब धार. अवघड असते ती हवा. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा होतो, शिखरावर त्याहूनही कमी. शिवाय दुपारनंतर सुटणारा वारा. त्याला अडवायला सबंध पठारावर एक झाड नाही.

मेमे-ले सामान कसं लादत ते मी रोज सकाळी बघत बसायची. ओझी मापायला काटा नव्हता. पोतं दोन्ही हातांनी जमिनीपासून वीतभर उचलायचं, क्षणभर धरायचं, खाली ठेवायचं. मग दुसरं. एकातून रॉकेलचा डबा काढून दुसऱ्यात घालायचा, पुन्हा उचलायचं. दोन्ही बाजू सारख्या झाल्याची खात्री पटल्याशिवाय घोड्याच्या पाठीला हात लावायचा नाही. खाली जाड लोकरीचा तुकडा, त्यावर लाकडी खोगीर, आणि याकच्या केसांच्या दोराची अशी गाठ की दिवसभर सैल व्हायची नाही आणि मुक्कामाला एका झटक्यात सुटायची. त्यांच्या कोणत्याही घोड्याच्या पाठीला जखम झालेली मी पाहिली नाही.

मुक्काम कुठे करायचा यावर त्यांचा आणि आमच्या लेहच्या गाइडचा रोज थोडा वाद व्हायचा. गाइड उंची बघायचा, आम्ही शिखर कुठून दिसतं ते बघायचो, मेमे-ले गवत बघायचे. चांगथांगातल्या चांगपा लोकांचं सगळं वर्ष गवतावर चालतं. पश्मिना देणाऱ्या शेळ्या, मेंढ्या, याक, घोडे घेऊन ते एका कुरणातून दुसऱ्यात जातात, कुठलं कुरण कधी मोकळं करायचं ते ठरलेलं असतं. उन्हाळा जेमतेम काही आठवड्यांचा. तेवढ्यात जनावराने जे अंगावर चढवलं असेल त्यावर त्याला पुढची थंडी काढायची असते, आणि ती थंडी शून्याखाली तीस अंशांपर्यंत जाते. म्हणून घोडेवाला बेस कॅम्पला सामान टाकतो आणि त्याच दुपारी घोडे घेऊन तळ्याकाठच्या ओल्या कुरणाकडे परततो. ठरलेल्या दिवशी पुन्हा वर येतो. त्याला एका दिवसाचे जास्त पैसे देऊ केले तरी तो थांबत नाही, कारण वर फक्त दगड आणि बुर्त्सेची खुरटी झुडपं असतात. पैसे घोड्याला खाता येत नाहीत.

आमचा बेस कॅम्प साधारण 5,200 मीटरवर होता. तिथे पोचलो त्या दुपारी मेमे-लेंनी ओझी उतरवली, घोड्यांना पाणी दाखवलं आणि चहाला आमच्यात येऊन बसले. भाऊ ठीक होता. लेहला पुरेशी विश्रांती झाली होती, कोरझोकलाही मुक्काम झाला होता, उंची टप्प्याटप्प्याने वाढवली होती. डोकं दुखत नव्हतं, जेवण जात होतं, बोटाला लावून प्राणवायू मोजायच्या यंत्रावरचा आकडाही त्या उंचीला साजेसा होता. फक्त मधूनमधून कोरडा खोकला. पठारावरच्या धुळीत आणि कोरड्या हवेत तो निम्म्या लोकांना असतोच. मेमे-लेंनी कप खाली ठेवला, त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि गाइडला म्हणाले, “नोनो का खाँसी अच्छा नहीं है. आज मैं इधर ही सोएगा.” बाकीचे घोडे त्यांनी आपल्या मदतनीसाबरोबर खाली पाठवले आणि दोन ठेवून घेतले.

मध्यरात्रीच्या सुमाराला भावाला आडवं झोपवेना. बसल्या जागी धाप लागत होती आणि छातीतून बारीक बुडबुड ऐकू येत होती. यंत्रावरचा आकडा साठच्या खाली गेला होता. फुप्फुसात पाणी भरू लागलं होतं, गिर्यारोहकांच्या बोलण्यातला हेप. सगळे नियम पाळणाऱ्यालाही तो गाठतो, बहुतेक वेळा रात्री. औषधाची गोळी दिली, होतं ते एकुलतं एक प्राणवायूचं नळकांडं लावलं. पण या दुखण्यावर खरा इलाज उंची कमी करणं हाच, आणि तीही रोग्याला श्रम न देता, कारण चालवलं की पाणी वाढतं.

पुढचं सगळं मेमे-लेंनी केलं. मला आठवतो तो त्यांच्या हालचालींचा शांतपणा. एका घोड्यावर त्यांनी गाइडला बसवून कोरझोकला गाडीसाठी पिटाळलं. दुसऱ्याच्या खोगिरावर गोधडीसारखी दुमडलेली झोपायची पिशवी टाकली, भावाला वर घेतलं, त्याच्या पाठीशी गच्च भरलेली सॅक उभी बांधली, म्हणजे तो मागे रेलून बसलेला राहील. आडवा होऊ द्यायचा नाही हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. दोर त्याच्या कमरेभोवती आणि मांड्यांवरून घेतला, छातीवरून नाही. छाती मोकळी ठेवली. मग लगाम हातात घेऊन ते पुढे चालू लागले. मी बाजूने, नळकांडं सांभाळत. जिथे घसारा तीव्र होता तिथे ते घोड्याला तिरकं घालत, दर वळणावर थांबत, हाताने भावाचा गुडघा दाबून “नोनो?” असं विचारत. तो “हां” म्हणाला की पुढे. चंद्र नव्हता. त्यांनी माझ्या डोक्यावरचा दिवा विझवायला सांगितला, घोड्याला उजेडाने वाट दिसेनाशी होते म्हणून. उजाडायच्या आत आम्ही तळ्याच्या काठावर होतो. भावाचा श्वास थोडा खाली बसला होता. गाडी आली, खिंड ओलांडली आणि दुपारी लेहच्या सोनम नोरबू रुग्णालयात त्याला दाखल केलं. तिथल्या डॉक्टरांनी शेवटी एवढंच विचारलं, वरून चालत आणला की उचलून? घोड्यावर बसवून, म्हटल्यावर ते म्हणाले, चालवला असता तर इथवर आला नसता.

आठवडाभराने तो खडखडीत बरा झाला. मी कोरझोकला हिशोब करायला परत गेले. मेमे-लेंनी ठरलेल्या दिवसांचे पैसे मोजून घेतले, वरचे घेतले नाहीत, घरच्या आजींनी, आबी-लेंनी, लोणी घातलेला खारा चहा आणि खोलाक, म्हणजे सातूच्या पिठाचा गोळा, पुढ्यात ठेवला. घोड्यांबद्दल विचारलं तर म्हणाले, ठीक आहेत.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेले तेव्हा लेहला शिकणारी त्यांची नात सुट्टीला घरी आलेली होती. तिच्याशी हिंदीत मोकळं बोलता यायचं. बोलता बोलता तिच्याकडून कळलं की त्या रात्री मेमे-लेंची एक घोडी शिंगरासह तळ्याकाठी मोकळी होती. संध्याकाळी खाली परतल्यावर तेच दोघांना दगडी कोंडवाड्यात घालणार होते. ते परतले नाहीत, आणि शिंगरू लांडग्याने नेलं. चांगथांगात लांडगा जनावरं मारतो ही रोजची गोष्ट आहे. त्याला पकडायला दगडांनी बांधलेले खोल खड्डे, शांगदोंग, लडाखभर जुन्या वाटांवर दिसतात. पण घोड्यांवर पोट असलेल्या माणसाकडे एक शिंगरू म्हणजे पुढच्या किती उन्हाळ्यांची कमाई, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आदल्या वर्षी याच माणसाने माझ्यासमोर नोटा मोजल्या होत्या आणि घोडे ठीक आहेत म्हणून सांगितलं होतं.

मी त्यांच्याकडे गेले. शिंगराची किंमत घ्या म्हणाले. अगदी रडकुंडीला येऊन म्हणाले. त्यांनी नातीकडे जरा रागाने बघितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, “शिंगरू लांडग्याने नेलं. तू नाही नेलंस.” नातीने ते मला हिंदीत सांगितलं. मी हटत नाही म्हटल्यावर त्यांनी बराच विचार केला आणि आत जाऊन एक वस्तू आणून दाखवली: पोती शिवायचं दाभण, टोकाशी वाकलेलं, नेढं झिजलेलं. त्यांच्या रेबोचं, म्हणजे याकच्या केसांच्या काळ्या तंबूचं कापड, पुरुष स्वतः विणतात. त्याच्या पट्ट्या एकमेकींना शिवून तंबू होतो, आणि जुनी पट्टी विरली की काढून तिथे नवी घालायची असते. खोगिरंही त्यानेच शिवायची. लेहच्या बाजारात मिळणारी दाभणं वाकतात, तुमच्याकडे चांगली मिळत असतील तर पाठव, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याच खेपेला मी लुंगसेरच्या माथ्यावर पोचले. मध्यरात्रीनंतर निघालो, धारेवर पोचेपर्यंत उजाडलं, शेवटच्या टप्प्यात चार पावलं टाकायची आणि बर्फात कुदळ रोवून श्वास घ्यायचा, असं चाललं होतं. वरून पश्चिमेला अख्खं त्सो मोरिरी दिसतं, पलीकडे मेन्तोक कांगरीची बर्फाची रांग, पूर्वेला तिबेटच्या दिशेने एकामागे एक तपकिरी डोंगर. इतरांनी तिरंगा काढला, फोटो काढले. मी तळ्याच्या उत्तरेकडचं ते हिरवं कुरण शोधलं. एवढ्या उंचीवरून ते नखाएवढं होतं. रुपशूत इतकं कमी हिरवं आहे, आणि त्यातली एक रात्र त्यांनी माझ्या भावासाठी सोडली होती. आमच्या क्लबच्या अहवालात चढाईच्या सदस्यांखाली मी त्यांचं नाव लिहिलं. संपादकांनी ते ‘मदतनीस’ या रकान्यात हलवलं होतं, मी भांडून पुन्हा वर आणलं.

त्यानंतर रुपशू बदललं. 2013 च्या सुरुवातीला झालेल्या जबर बर्फवृष्टीत चांगथांगात हजारो शेळ्या-मेंढ्या उपासमारीने मेल्या. शेजारच्या खरनाकची कितीतरी कुटुंबं जनावरं विकून लेहजवळ वसली. गाडीरस्ते वाढले तसे लांबचे घोडेवाले कमी झाले. लेहजवळचं स्तोक कांगरी 2020 मध्ये बंद झाल्यावर सहा हजारी शिखर हवं असणारे लोक मेन्तोक आणि चामसेरकडे जास्त वळू लागले. पण त्यातले बरेच जण आता सामान जीपने जमेल तितकं पुढे नेतात. मला याचं वाईट वाटतं आणि ते लपवावंसं वाटत नाही. नळकांडं, औषधं, यंत्र हे सगळं गाडीतून वर जाईल. पण खोकला ऐकून कप खाली ठेवणारं माणूस गाडीतून जात नाही, त्याला जनावरांत आयुष्य काढावं लागतं.

मेमे-ले आता घोड्यांबरोबर जात नाहीत. गुडघे गेले. मुलगा टॅक्सी चालवतो, घरी दोनच घोडे उरलेत. नात शिकून नर्स झाली आणि लेहलाच नोकरीला आहे, तिच्याशी फोनवर बोलणं होतं. भाऊ दर दिवाळीला मेमे-लेंना फोन करतो. दोघांनाही एकमेकांची हिंदी धड कळत नाही, तरी बराच वेळ चालतो.

दाभणं मी पाठवत असते. पुण्यातल्या बोहरी आळीतले दुकानदार आता विचारतात, लडाखची का? यंदा आबी-लेंनी नातीकरवी निरोप धाडलाय, की मागच्या खेपेची बारीक निघाली, याकच्या केसांचं सूत जाड असतं, ते नेढ्यातून जात नाही. लांबी तीच चालेल, नेढं मोठं हवं, आणि शेजारणीलाही हवीत म्हणून दोन डझन. शनिवारी जाऊन घेऊन येते, म्हणजे खिंड बर्फाने बंद व्हायच्या आत पोचतील.