दादीच्या दोन तारखा

आमच्या कळंबला हल्ली वाढदिवस म्हणजे चौकात फ्लेक्स, रात्री बाराला गाडीच्या सीटवर केक आणि मोबाइलवर स्टेटस. माझ्या लहानपणी वस्तीत कुणाचाच वाढदिवस होत नव्हता. आजही दोन मतं आहेत. कुणी म्हणतं, ही आपली रीत नाही. कुणी म्हणतं, लेकराच्या आनंदात काय वाईट? आमच्या घरात यातून मधला रस्ता निघाला आहे: नवे कपडे, खीर आणि दादीची दुआ.

यंदा लेकीला सोळा वर्षं पूर्ण झाली ती शारजात. माझा मेहुणा तिथं नोकरीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी, बायको, लेक आणि अम्मी असे चौघं त्याच्याकडे गेलो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. त्यामुळे रात्री साडेदहालाच कळंबहून फोन सुरू झाले. मामा तिला चिडवत होता, "अजून तू पंधराचीच आहेस, इथं बारा वाजू दे." फ्लेक्स नाही, मैत्रिणी नाहीत. पोरगी थोडी हिरमुसली होती.

दुसऱ्या दिवशी दुबईची खाडी ओलांडायला आम्ही अब्रात बसलो. अब्रा म्हणजे लाकडी होडी. देरा ते बर दुबई, माणशी एक दिरहम. तिथं लेकीनं विचारलं, "दादी, तुझा वाढदिवस खरंच एक जुलैला असतो?" व्हिसाचा फॉर्म तिनंच भरला होता, म्हणून तारीख तिच्या लक्षात होती.

अम्मी हसली. "ते मास्तरनं लिवलं. माही माय सांगे, चिंतामणीची जत्रा भरली होती, तवा मी झाली."

त्या काळी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून किंवा १ जुलै लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रात अशा तारखांची माणसं घरोघरी सापडतील. अम्मी चौथीपर्यंत शिकली, म्हणून निदान दाखला तरी होता. त्याच दाखल्यावर पासपोर्ट निघाला.

कळंबचं चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. जत्रा माघात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत. माझ्या नानीनं लेकीचा जन्म गणपतीच्या जत्रेवरून लक्षात ठेवला, यात गावात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. जत्रा सगळ्यांचीच होती.

लेकीनं मग फोनवर हिशोब मांडला. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. चंद्राच्या हिशोबानं तिला सोळा वर्षं जवळजवळ सहा महिन्यांपूर्वीच पूर्ण झाली होती. तेहतीस वर्षांत एक अख्खं वर्ष वाढतं, म्हणजे दादी कागदापेक्षा दोन वर्षांनी मोठी. "मग मी कोणत्या तारखेला जन्मली?" अम्मीनं विचारलं. पोरीनं ठरवलं, गावी गेल्यावर शोधायचं.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधी आपल्या विदर्भात गावचा कोतवाल जन्म-मरणाची नोंद ठेवायचा. ती कोतवाल बुकं आजही तहसीलच्या रेकॉर्डमध्ये असतात आणि अर्ज केला की नक्कल मिळते. आम्ही अर्ज केला. जन्माचा कागद हा विषय आजकाल आमच्या वस्तीत हलक्या आवाजात बोलला जातो. २०२५ मध्ये राज्य सरकारनं उशिराच्या जन्मनोंदीचे नियम कडक केले, तेव्हापासून लोक जुन्या पेट्या उघडून पिवळे पडलेले दाखले प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून ठेवू लागलेत. ज्यांच्या आईबापांना तारीख लिहिताच येत नव्हती, त्यांनी तारीख कुठून आणायची, हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही. पारध्याचा आहे, कोलामाचा आहे, शेतमजुराचा आहे. आमच्याकडे मात्र त्या प्रश्नासोबत धाकधूक येते.

नक्कल मिळाली. माझ्या नानाच्या नावापुढे तारीख होती, जत्रेच्या आठवड्यातलीच. वर्ष शाळेतल्या वर्षाच्या एक वर्ष आधीचं. पुढे एकच शब्द: मुलगी. नाव नाही. बारशाआधीच नोंद व्हायची आणि मग नाव घालायला परत कोण जाणार?

लेक म्हणाली, आता पासपोर्ट बदलू. मी नको म्हटलं. आधार, मतदार ओळखपत्र, बँक, सगळीकडे १ जुलै आहे. एका कागदाची तारीख हलली की बाकीच्या कागदांवर प्रश्न उभे राहतात, आणि उत्तरं द्यायला म्हाताऱ्या माणसाला कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. १ जुलै सरकारची राहू दे, माघातली तारीख घरची. त्या दिवशी खीर करायची, दुआ यंदा नातीनं मागायची, असं ठरलं आहे.

नक्कल मी कपाटात ठेवली. तिची एक झेरॉक्स लेकीनं मागून घेतली आणि 'मुलगी' या शब्दापुढे पेन्सिलीनं दादीचं नाव लिहिलं.