आधी तेल, मग किल्ली

पावसाळ्यात तापीचे पाणी चढू लागले, की सुरतेतील रहिवाशांना २००६ सालचा ऑगस्ट आठवल्यावाचून राहत नाही. त्या महिन्याच्या ७ तारखेस उकाई धरणातून सोडलेले पाणी शहरात शिरले आणि पाहता पाहता शहराचा बहुतेक भाग जलमय झाला. आम्ही तेव्हा अडाजण भागात राहत होतो. तळमजल्यावरील घर सोडून वरच्या शेजाऱ्यांकडे आम्ही चार दिवस काढले. दादाने तेवढ्या घाईतही आपल्या मारुती व्हॅनची बॅटरी काढून वर आणली होती. तिच्यावर रात्री एक लहानसा दिवा जळे. व्हॅन मात्र गल्लीतच पाण्याखाली राहिली.

त्या व्हॅनवर आमची चूल पेटत असे. दादा तीतून शाळेच्या मुलांची ने-आण करी, आणि माझे शिक्षणही त्याच कमाईवर चालले होते. पाणी ओसरले तेव्हा चिखलाने माखलेली ती गाडी जागच्या जागी उभी दिसली. दादा व वहिनी घरातील गाळ उपसत होते. ‘गाडी चालू झाली’ ही आनंदाची वार्ता आपणच प्रथम द्यावी, अशी मला हौस! मी गुपचूप बॅटरी बसवली आणि किल्ली फिरवली. क्षणभर घरघर झाली, आतून ठक्क असा आवाज आला आणि सारे स्तब्ध झाले. मी पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा तोच आवाज.

तिसऱ्या दिवशी रांदेरचे एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांना सर्वजण चाचा म्हणत. त्यांचा पहिलाच प्रश्न असा, “बेटा, कोणी किल्ली तर फिरवली नाही ना?” दादा शेजारीच उभा होता. मी म्हणालो, “नाही.”

चाचांनी पुढची आसने उचलली, कारण या गाडीचे इंजिन त्यांच्याखाली असते. तेल मोजण्याची पट्टी त्यांनी ओढून काढली. तिच्यावर काळसर तेलाऐवजी दुधाळ कॉफीसारखा लगदा होता आणि तो खुणेच्या बराच वर चढला होता. तेलात पाणी मिसळले, की त्याचा स्निग्धपणा जातो आणि इंजिनाचे भाग एकमेकांवर घासू लागतात. चाचांनी तळाचा बोल्ट सोडला; तेलापेक्षा जड असलेले पाणी तळाशी साचलेले असल्याने आधी तेच बाहेर आले. मग तिन्ही प्लग काढून त्यांनी पान्याने इंजिन हळूहळू हाताने फिरवले, तेव्हा प्लगांच्या भोकांतून गढूळ पाणी उसळले. “हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही,” चाचा म्हणाले. “वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो आणि त्याला पेलणारा दांडा वाकतो.”

इंजिन उघडले तेव्हा एक दांडा खरोखरच वाकलेला आढळला. चाचांनी माझ्याकडे एकवार पाहिले. ते काही बोलले नाहीत. त्यांचे ते मौन मला रागावण्याहून अधिक लागले.

त्या रात्री मी दादाला सारे सांगून टाकले. तो शांतपणे म्हणाला, “अरे, बॅटरी जागेवर बसवलेली पाहिली तेव्हाच मला कळले होते. तू केव्हा सांगतोस, याचीच वाट पाहत होतो.” पुढील दीड महिना त्याने दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून काम केले, परंतु मला एका शब्दानेही दुखवले नाही.

आदल्याच वर्षी, २६ जुलै २००५ रोजी, मुंबईच्या रस्त्यांवरही असंख्य गाड्या बुडाल्या होत्या, आणि असे प्रसंग पुन्हा येणारच. म्हणून वाचकहो, बुडालेली गाडी हाती आली तर किल्लीला हात लावू नका. बॅटरीची तार सोडा, पट्टी काढून तेलाचा रंग पाहा आणि मिस्त्रीला बोलवा. नवे तेल व नवा फिल्टर घातल्यावरही थोडे चालवून ते तेल पुन्हा बदलावे लागते, कारण पहिल्या खेपेस सारे पाणी निघत नाही. आणि उतावळेपणात किल्ली फिरवलीच, तर मिस्त्रीने विचारताच तसे सांगून टाका. मला ते सांगण्यास रात्र व्हावी लागली.