एकास चौसष्ट

एकच गोष्ट पुन्हापुन्हा करणे या विषयावर बोलण्याचा अधिकार बँकेतल्या कारकुनाइतका दुसऱ्या कोणालाही नाही. मी बावीस वर्षं शिक्के मारतो आहे. मध्यंतरी कोअर बँकिंग आलं, लोक फोनवरून पैसे पाठवू लागले. पण भरण्याच्या स्लिपवर 'रोख मिळाली' हा शिक्का अजून मीच मारतो. आमच्या पत्रांचंही तेच. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की' इथपर्यंत मजकूर तयारच असतो. पुढे काय कळवायचं एवढाच प्रश्न उरतो, आणि पुष्कळदा तोही उरत नाही.

त्यामुळे आमचा भाचा जेव्हा मला म्हणाला, "मामा, प्रीसेट म्हणजे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं. आपण फक्त बटण दाबायचं," तेव्हा मी म्हटलं, "बाबा रे, माझी नोकरी मला शिकवू नकोस."

निमित्त होतं पुतणीच्या लग्नाचं. हल्ली छापील पत्रिका देवापुढे ठेवायला आणि हलती पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवायला, अशी वाटणी झाली आहे. हलत्या पत्रिकेचं काम भाच्याकडे आलं. तो जळगावला राहून मोशन ग्राफिक्स, म्हणजे चित्रं हलवायची विद्या, शिकून आला आहे. त्याला बी.कॉम. कर म्हणून सगळ्यांनी समजावलं होतं; पण त्याने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि नको म्हणाला.

त्याच्या प्रोग्रामचं नाव आफ्टर इफेक्ट्स. हे नाव औषधाच्या गोळीनंतर होणाऱ्या त्रासाचं आहे, अशी माझी समजूत होती. निघालं ते असं की, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावच्या एका लहानशा कंपनीने 1993 साली हा प्रोग्राम बाजारात आणला, आणि 1994 साली तो अडोबीकडे आला. हे सगळं होऊन तो सावद्याला आमच्या माजघरात पोचेपर्यंत मात्र तीसेक वर्षं गेली. आमच्याकडे टपालही पूर्वी असंच यायचं.

माजघरात प्रयोग सुरू झाला. प्रेक्षक मी, वहिनी आणि आई. भाच्याने केळीच्या एका घडाचा फोटो घेतला आणि त्यावर 'मोशन टाइल' नावाचा इफेक्ट टाकला. टाइल म्हणजे फरशी. रुंदी साडेबारा टक्के, उंची साडेबारा टक्के असे दोन आकडे भरले, आणि पडद्यावर आठ आडव्या, आठ उभ्या मिळून 64 घड लटकले! माझ्यातला वाणिज्य शाखेचा पदवीधर खडबडून जागा झाला. पाच बाय पाच फुटांवर लागण केली तर एकरात 1,742 खोडं बसतात. त्यासाठी टिश्यू कल्चरची रोपं आणा, ठिबक टाका, खत द्या, वाऱ्यावादळातून वाचवा आणि वर्षभर वाट बघा. आणि इथे ना पाणी, ना मजूर, ना पीककर्ज. मी विचारलं, "भाव काय लावायचा?"

भाच्याने लक्ष दिलं नाही. त्याने 'फेज' नावाचा आकडा फिरवला, तशी घडांची एक रांग वर आणि शेजारची खाली सरकू लागली. मग 'मिरर एजेस'वर टिचकी मारली. त्याने प्रत्येक घडाशेजारी त्याचं आरशातलं प्रतिबिंब उभं राहिलं आणि सगळी मिळून नक्षी झाली. आई चष्मा सावरत म्हणाली, "हे तं ठिपके न मोजता रांगोळी झाली!"

इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं. मग दादाच्या फोटोची पाळी आली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, नवरीचा बाप. तो जाऊन चौदा वर्षं झाली. त्याला कॅमेऱ्याचं वावडं होतं. लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत त्याचे डोळे मिटलेले. 'डोळे मिटूनच लग्न केलं,' असं तो वहिनीसमोर म्हणायचा. डोळे उघडे असलेला त्याचा एकुलता एक फोटो सावदा स्टेशनावरचा. दिल्लीला जाणाऱ्या केळीच्या वाघिणी भरणं चाललं आहे, आणि हातात मोजदादीची वही धरून दादा बघतो आहे.

अडचण अशी की, हा फोटो उभा आणि पडदा आडवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहायला लागल्या. "सोपं आहे," भाचा म्हणाला. "फोटो लहान पडला, की हाच इफेक्ट लावून कडा भरून काढतात." त्याने आकडा वाढवला आणि दादाच्या डावीउजवीकडे आणखी दोन दादा उभे राहिले. तिघांच्या हातांत तीन वह्या. मग पोराला रंग चढला; त्याने मघाचा साडेबारा टक्क्यांचा प्रयोग इथेही केला. चौसष्ट दादा! केळी कमी आणि मोजणारे जास्त. मी हसलो. वहिनीही पदराआड हसल्या.

आई हसली नाही. ती खुर्चीवरून उठली, पडद्याजवळ गेली, आणि एकेका चौकटीवर बोट ठेवत बारकाईने बघू लागली. मग भाच्याला म्हणाली, "यातला आपला कोनता रे?"

"आजी, सगळे तोच," भाचा म्हणाला.

आई पुन्हा बघू लागली. वहिनी चहा टाकते म्हणून आत गेल्या. चहा तर मघाशीच झाला होता.

"काढ तो इफेक्ट," मी म्हटलं.

"कडेला काळं राहील, मामा."

"राहू दे."

चौसष्टाचे तीन झाले, तिनाचा एक झाला. दोन्ही बाजूंना काळं आणि मधे वही घेतलेला दादा. आई खुर्चीत बसली आणि म्हणाली, "हां, आता दिसतो." केळीच्या घडांची नक्षी मात्र आम्ही तशीच ठेवली, घड कितीही झाले तरी त्यांत कोणी आपला शोधत नाही.

पत्रिका गावभर गेली. दुसऱ्याच दिवशी एका नातेवाइकांचा फोन. "सगळं झकास आहे, पण तुमच्या भावाच्या फोटोला दोन्ही बाजूंनी काळं राहिलंय बरं का. पोरगं नवशिकं दिसतं!" मी त्यांना उपरोक्त विषयास अनुसरून कळवलं की, खात्यात शिल्लक कमी असेल तर तोच आकडा चौसष्ट वेळा लिहून ती वाढत नाही. ते म्हणाले, "म्हणजे काय?" मी म्हटलं, "लग्नाला या."

भाच्याने कामाचे पैसे घेतले नाहीत. फक्त, ही पत्रिका आपण केली असं कोणाला सांगू नका, म्हणाला.