नव्या बुलेटला जुना चेहरा

‘गाडी जुन्यासारखी करायची आहे’ असं सांगत कुणी गॅरेजात आला की पहिला प्रश्न एकच असावा: कोणत्या सालासारखी? १९४८ची बुलेट वेगळी, १९५४ची वेगळी, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिलेली मद्रासची तर आणखी वेगळी. साल ठरलं नाही की एका गाडीवर तीन दशकं गोळा होतात.

हेडलाइटचंच बघा. हेडलाइट, स्पीडोमीटर, अँपिअर मीटर आणि वरचे दोन छोटे पायलट लॅम्प एकाच डूमात बसवलेला तो ओळखीचा चेहरा बुलेटला मिळाला १९५४मध्ये. त्याआधीच्या गाडीचा हेडलाइट सुटा, गोल, फोर्कला दोन कानांवर टांगलेला असायचा. आजच्या क्लासिक ३५०चा चेहरा म्हणजे या १९५४च्या डूमाचाच वारसा. म्हणून नव्या क्लासिकला सर्वांत जवळचं साल १९५४च्या पुढचं आहे. १९४८चा हट्ट धरला तर डूम उतरवावा लागेल, आणि त्यामागच्या वायरिंगला हात घालावा लागेल. माझं मत विचाराल तर घालू नये.

*

१९४८चं महत्त्व मात्र दिसण्यापेक्षा मोठं आहे. त्या वर्षी रॉयल एनफिल्डच्या इंग्लंडमधल्या रेडिच इथल्या कारखान्याने बुलेटच्या मागच्या चाकाला स्विंगआर्म आणि तेलाचे शॉकॲब्जॉर्बर दिले. मागे सस्पेन्शनच नसलेल्या गाड्या तेव्हा सर्रास विकल्या जात होत्या. इटलीत सान रेमोला झालेल्या त्या वर्षीच्या सिक्स डेज ट्रायल या मोटारसायकल स्पर्धेत जिंकलेल्या ब्रिटिश संघात दोन बुलेट होत्या, आणि दोन्हींना सुवर्णपदकं मिळाली. पुढे भारत सरकारने सैन्यासाठी आठशे बुलेट मागवल्या, त्या याच बांधणीच्या. १९५५मध्ये मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली. रेडिचचा कारखाना बंद पडल्यावरही गाडी इथे बनत राहिली. आपण ज्याला ‘जुनं रूप’ म्हणतो ते जगात सर्वांत जास्त काळ आपल्याकडेच टिकलं, आणि त्याचं कारण हे.

*

गाडी बाजूने, दहा पावलं लांबून बघावी. जवळून बघितलं की नुसता क्रोम दिसतो; लांबून ठेवण दिसते.

जुन्या बुलेटची दोन्ही चाकं एकोणीस इंची, टायर अरुंद, सव्वातीन इंची. नव्या क्लासिकचं पुढचं चाक एकोणीस इंची असलं तरी मागचं अठराचं आहे, आणि त्यावर १२० मिमी रुंदीचं टायर. जुनी गाडी सडपातळ वाटते आणि नवी मागून बसकी, ती यामुळे. मागे एकोणीसची रिम टाकून देतो म्हणणारे भेटतात. टाकू नका. एबीएस दोन्ही चाकांच्या वेगांची सतत तुलना करत असतं. चाकाचा घेर बदलला की त्याचा हिशेब बिघडतो.

त्यापेक्षा मागची सीट काढा. जुन्या गाडीवर एकट्याची स्प्रिंगची सीट असायची. तिच्यामागे पत्र्याचा मडगार्ड उघडा राहायचा आणि त्याची कमान टाकीपासून नंबरप्लेटपर्यंत सलग दिसायची. ही कमान मोकळी झाली की निम्मं काम झालं. दोन बोल्टचं काम आहे. सणासुदीला घरच्यांना घेऊन जायचं असेल तर सीट परत बसते. मात्र मागच्याचे फूटरेस्ट, धरायची कडी आणि चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी, म्हणजे आपला साडीगार्ड, काढून फेकायच्या वस्तू नव्हेत. मोटार वाहन नियमांत त्या सक्तीच्या आहेत, आणि ओढणी चाकात जाण्याचे अपघात आजही होतात.

*

टाकीवरची रेघ.

एनफिल्डच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा वर्षानुवर्षं हातानेच ओढल्या गेल्या. चेन्नईच्या कारखान्यात दोन भाऊ पट्टी न लावता, लांब केसांच्या ब्रशने, एका दमात ही रेघ ओढतात. स्टिकरची रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची असते. हाताची रेघ सुरुवातीला किंचित सुईसारखी निघते, वळणावर अंगाने भरते आणि शेवटी पुन्हा बारीक होते. उन्हात टाकी बघितली की हा फरक लगेच कळतो.

आपल्याकडे हे काम करू शकणारा माणूस अजून आहे. फ्लेक्स येण्याआधी दुकानांच्या पाट्या आणि ट्रकची फळी रंगवणारे पेंटर जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी होते, काही अजून आहेत. ऑनलाइन मागवलेल्या स्टिकरऐवजी त्यांच्याकडे जा. आधी जुन्या टाकीचा फोटो दाखवा, रद्दी पत्र्यावर एक रेघ ओढून मागा, आणि सांगतील ते पैसे द्या. रंग सुकल्यावर वरून लॅकरचा हात हवाच, नाहीतर पेट्रोलच्या एका ओघळाने सगळं जातं.

*

ऑलिव्ह हिरव्याचा मोह अनेकांना होतो. सैन्याची बुलेट म्हणजे तो रंग. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१व्या नियमाप्रमाणे हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. २०१८मध्ये खुद्द रॉयल एनफिल्डने दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरवल्या गेलेल्या ‘फ्लाइंग फ्ली’ या मोटारसायकलच्या स्मरणार्थ पेगासस ही गाडी काढली, तेव्हा भारतात ती फक्त तपकिरी रंगात विकली, ऑलिव्ह परदेशात गेला. तोच तपकिरी घ्या. युद्धकाळाशी तोही तितकाच प्रामाणिक आहे.

*

आता फायरिंग, म्हणजे इंजिनाचा ठोका.

जुन्या इंजिनाचा बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी. नव्या क्लासिकच्या जे-मालिकेतल्या इंजिनाचा ७२ आणि ८५.८. दोन्ही लांब स्ट्रोकचीच. पण जुन्या इंजिनाचं फ्लायव्हील अवजड होतं आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू सैल करून त्याला इतकं सावकाश चालवता यायचं की एकेक ठोका सुटा ऐकू यावा. चौकात उभ्या बुलेटचा तो ‘डग… डग’ येतो या संथपणातून, सायलेन्सरमधून नाही. नव्या गाडीचा आयडल कॉम्प्युटर सांभाळतो, धुराच्या नियमांसाठी तो एका मर्यादेखाली उतरू देत नाही. त्यामुळे सायलेन्सर मोकळा केला तर ठोका जुना होत नाही, फक्त गोंगाट वाढतो. शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो तो वेगळाच.

फटाके फोडणारे सायलेन्सर जप्त करून पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रं महाराष्ट्रातल्या शहरांतून सारखी छापून येतात. मला त्या कारवाईबद्दल जराही वाईट वाटत नाही. दवाखान्यासमोरून फाटका आवाज काढत जाणाऱ्याने बुलेटवर प्रेम आहे असं म्हणू नये. मूळ गाडी आवाजात घनगंभीर होती, कर्कश कधीच नव्हती.

*

जुनं रूप कारखान्यातूनच देण्याची एक देखणी सोय: ट्रायम्फच्या आजच्या बॉनव्हिल टी१२०ला फ्युएल इंजेक्शन आहे, पण थ्रॉटल बॉडीला बाहेरून जुन्या एमल कार्ब्युरेटरचं रूप दिलेलं आहे. काहींना ही फसवणूक वाटते. मला नाही वाटत. १९५९च्या बॉनव्हिलचं इंजिन ज्याने प्रेमाने बघितलंय त्याची नजर आधी तिथेच जाते, आणि ती जागा रिकामी दिसू नये याची काळजी कारखान्याने घेतली.

नव्या जावाचंही तसंच. सिलिंडर एक, तरी सायलेन्सर दोन, कारण म्हैसूरच्या जुन्या टू-स्ट्रोक जावालाही दोनच होते. पुढे रेडिएटर आहे, तो लपत नाही. लपवूही नये, त्याला वारा लागायला हवा.

*

हात लावू नये अशा गोष्टी: डिस्क, एबीएस, हेडलाइटचा उजेड, इंडिकेटर, आरसे. पन्नासच्या दशकातला स्वार हात दाखवून वळायचा, कारण रस्त्यावर गाड्याच मोजक्या होत्या. आज पुणे-सातारा रस्त्यावर हात दाखवून बघा.

*

कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आरसी बुकातल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलायचा तर आरटीओत नोंद करून घ्या. पुढच्या मडगार्डवरची ती कमानदार रंगवलेली नंबरप्लेट कितीही शोभली तरी उच्च सुरक्षा पाटीच्या जागी चालत नाही.

माझा नियम साधा आहे: जे काढून पुन्हा लावता येईल तेवढंच बदलावं. चासी कापायची नाही, वेल्डिंग करायचं नाही, वायरिंगचा मूळ जोड तोडायचा नाही. काढलेला प्रत्येक भाग गुंडाळून, नाव लिहून जपून ठेवायचा.

*

शेवटचं, आणि हे सर्वांत मनापासून. नव्या गाडीला खऱ्या जुन्या वस्तू लावण्याची हौस वाढली आहे, त्यासाठी जुन्या गाड्या उघडल्या जात आहेत. मूळ डूम, अल्बियनचा गिअरबॉक्स, एकाच मोठ्या नटवर धरलेलं चेनकेसचं झाकण, टाकीचे रबरी गुडघेपॅड, एकेक करून निघतात आणि मागे उरते ती फक्त भंगारवाल्याच्या कामाची चासी. तुमच्या वाड्यात, गोठ्यात, आजोबांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली लोखंडी इंजिनाची एखादी बुलेट उभी असेल, तर कृपा करून तिचे भाग विकू नका. पूर्ण गाडी ठेवा, किंवा पूर्णच द्या, अशा माणसाला जो ती पुन्हा किकवर सुरू करेल. नव्या गाडीला नवे बनवलेले भाग बाजारात मिळतात, तेच लावा.